हवालदारांची जीभ

खोली भाड्यानं मागायला आलेल्या माणसाची परीक्षा घेणारा घरमालक मी आयुष्यात एकच पाहिला.

मी माणची, साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यातली. दहिवडीच्या अलीकडं आमचं गाव. प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून सांगलीकडच्या एका कृष्णाकाठच्या गावात माझी नेमणूक झाली, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ माझ्या अंगातून अजून गेला नव्हता. पत्र्याची ट्रंक घेऊन भर उन्हात मी त्या घरापुढं उभी राहिले. ओट्यावर एक उंच, ताठ म्हातारा खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घालून बसला होता. त्यानं माझं आडनाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. त्या काळात हे नवलच. आत जाऊन पाण्याचे दोन पेले घेऊन आला आणि माझ्यापुढं मांडले.

"पिऊन सांगा. नदीचं कुठलं, इहिरीचं कुठलं?"

मी दोन्ही पेले घटाघटा रिकामे केले आणि म्हणाले, "मला काय कळतंय, आबा? दोन्ही गोड आहेत. आमच्याकडं यातलं कुठलंही आलं तर आम्ही आधी हात जोडू आणि मग पिऊ."

म्हातारा रिकामे पेले घेऊन उठला. मग आत तोंड करून ओरडला, "आगं, खोली झाडून दे बाईस्नी. नापास झाल्या, पर खोली त्यांचीच!"

गाव त्यांना हवालदार म्हणे. पलटणीतून निवृत्त झालेले. पण पलटणीत त्यांचं मुख्य काम रंगाचं. गाड्यांचे नंबर काढायचे, पाट्या लिहायच्या, रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावायचा. गावातली टवाळ माणसं म्हणायची, "आमच्या हवालदारानं दगडाला चुना लावून देश राखला." त्यावर हवालदार अजिबात चिडत नसत. म्हणत, "दगड पांढरा नसता तर अंधारात तुमचा जनरल साहेब जीपसकट दरीत गेला असता, गड्या. मग राखला असतास देश."

रोज उजाडताना ते एका हातात चुन्याचा डबा आणि दुसऱ्या हातात पलटणीतला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा मग घेऊन घाटावर जात. याला ते 'नदीची हजेरी' म्हणत. पाणी ज्या पायरीला टेकलेलं असेल त्या पायरीवर ब्रशानं एक पांढरी रेघ ओढायची. नंतर तो मग बुडवून एक घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि तो जिभेवर धरायचा. तोवर सगळ्या बाया घागरी काखेला लावून उभ्या. हवालदारांनी "गोड!" म्हटल्याशिवाय एकही घागर पाण्याला लागत नसे. बाया त्यांची टिंगल करायच्या, पण थांबायच्या. कारण एकदा ते डोळे मिटूनच म्हणाले होते, "वर कुणीतरी मेंढरं धुतल्यात." आणि दुसऱ्या दिवशी कळलं, खरोखरच वरच्या अंगाला मेंढक्यांचा तळ पडला होता. असल्या जिभेपुढं कोण काय बोलणार?

त्या जिभेचा खरा छळ काकूंना. काकू म्हणजे हवालदारांची बायको. बुटकी, गोरी, आणि तोंडानं नवऱ्याच्या वरचढ. हवालदार आमटीचा भुरका मारायचे आणि म्हणायचे, "दोन खडे मीठ कमी हाय." काकू चुलीपुढून ओरडायच्या, "खडं न्हवं, धोंडं घालीन उद्या! या माणसाच्या जिभंला देवानं पहाऱ्यावर ठिवलंय आन माझी बदली हितं केलीया."

मला ते माझ्या नावानं कधीच हाक मारत नसत. म्हणायचे 'माण'. "काय माण, शाळा सुटली?" मी तांदूळ धुतलेलं पाणी मिरचीच्या रोपांना घालते हे त्यांनी पाहिलं आणि गावभर सांगितलं. "बाईकडं शिकवणीला बसा. पाणी कसं वापरायचं ते कळंल." त्यानंतर महिनाभर घाटावरच्या बाया माझ्याशी धड बोलल्या नाहीत. आता सांगायला हसू येतं, पण तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

कधी ताप असला तरी ते घाटावर जायचे. काकू अडवायला गेल्या तर म्हणायचे, "नदीला रजा न्हाई, मग हवालदाराला कशी?"

आणि मग ती मळी आली.

नदीच्या वरच्या अंगाला एक साखर कारखाना होता. कुठला ते सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. उसाचं गळीत संपलं की तिथलं मळीचं काळं, तेलकट पाणी तळ्यात साठवून ठेवत आणि नदीला पूर आला की सोडून देत. पुराच्या पाण्यात कुणाला कळत नसे. त्या वर्षी ते उन्हाळ्याच्या शेवटीच सुटलं. नदी पोटऱ्यांपर्यंत आलेली, आणि त्यात हे. सकाळी घाटावर गेलो तर पाणी काकवीच्या रंगाचं, वर पिवळा फेस, आणि कडेनं मासळी पोट वर करून पडलेली. हवालदारांनी घोट घेतला आणि थुंकला. त्यांना थुंकताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"भरू नका," ते म्हणाले. "कुणीबी भरू नका."

पण गाव गप्प. का, ते मला हळूहळू कळलं. कारखाना परका असता तर गावानं काठ्या काढल्या असत्या. पण तो त्यांचाच होता. घरटी ऊस तिथं जायचा. त्याच गावचा एक गृहस्थ तिथं संचालक होता. पांढरे कपडे, मनगटावर घड्याळ, आणि माणूस वाईट नाही, शाळेचं छप्पर त्यानंच घातलेलं. त्याच्या विरोधात बोलायचं म्हणजे आपल्याच उसाच्या विरोधात बोलायचं. काही घरांनी तर मेलेली मासळी पाट्या भरून नेली आणि कालवण करून खाल्ली. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पोट धरून घरी बसली. बाया अर्ध्या कोसावरच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. पुरुष म्हणत, पूर आला की जाईल वाहून.

हवालदारांनी हजेरी सुरूच ठेवली, पण आता पांढऱ्या रेघेऐवजी घाटाच्या भिंतीवर ते मासे काढू लागले. पाण्यातून जितके मेलेले मासे काढतील तितके भिंतीवर. प्रत्येक पोट वर केलेला. तिसऱ्या दिवशी चुना संपला. तेव्हा एका बाईनं घरची काव आणून दिली, दुसरीनं कपड्यांची नीळ. मग बायाच मासे काढू लागल्या. काकूंनी काढलेल्या मासळीला नाकात नथ होती. "माझी मासळी सवाष्ण मेलीया," त्या म्हणाल्या, आणि कुणाला हसू आलं नाही. मीही एक काढला. हवालदार शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माण, ही मासळी हाय का ढबू मिरची?"

भिंत भरली. लोक बघायला येत. "लय झ्याक दिसतंय," म्हणत आणि घरी जात. झालं एवढंच. मला वाटलं होतं, एवढं बघून दगडालाही पाझर फुटेल. छे! माणसं दगडाहून निबर.

मग एक दिवस चावडीवर गाव जमलं. संचालक म्हणाला, "आवं, मळी म्हंजी काय इख हाय का? उसाचाच अंश त्यो. जनावरं चवीनं खात्यात. उगं म्हाताऱ्याचं ऐकून काय घाबरताय?"

हवालदार उठले. घाटावरून कळशी भरून आणली होती ती पुढं ठेवली. दोन मग काढले आणि काठोकाठ भरले. एक संचालकापुढं ठेवला, एक स्वतः हातात घेतला. "इख न्हाई म्हणताय न्हवं? मग चला. तुमी एक, मी एक."

संचालकानं घड्याळात बघितलं.

हवालदारांनी मग तोंडाला लावला आणि सगळा प्यायला. घोट घोट करून, मान वर करून. मी ओरडले, "आबा, नका!" पण तोवर मग पालथा झाला होता. ते संचालकाला म्हणाले, "तुमचा राहिला बगा," आणि ताठ चालत घरी गेले. दारात पोहोचले आणि कोसळले.

चार दिवस ओकाऱ्या आणि ताप. मिरजेच्या दवाखान्यात न्यायची तयारी झाली तेव्हा कुठं उतार पडला. हवालदार बरे झाल्यावर काकूंनी पहिल्यांदा भात-आमटी केली. चार रात्रींच्या जागरणानं त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आमटीत मीठच घालायचं राहिलं. मी एक घास खाल्ला आणि कळलं. काकूंनी खाल्ला, त्यांनाही कळलं. आम्ही दोघी हवालदारांकडं बघत बसलो.

ते मुकाट जेवले. पुन्हा वाढून घेतलं. पुन्हा मुकाट जेवले.

काकू ताटावरून उठून परसात गेल्या. मी विचारलं, "आबा, आमटी कशी आहे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं की आम्हाला कळलंय. म्हणाले, "जीभ गेली, माण. तोंडात फडकं धरल्यावानी वाटतंय. काय बी लागत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गावाला सांगू नका. पहारेकरी आंधळा झाला हे चोराला सांगायचं नसतं. आजपातुर माझ्या शब्दावर बाया घागर भरत्यात. उद्या संचालक म्हंल, या म्हाताऱ्याला गूळ आन माती सारखीच, याचं काय ऐकताय? मग नदीच्या बाजूनं बोलणारं कोण ऱ्हाईल?"

मला रडू आवरेना. त्यांनी मला दरडावलं, "रडायला पाणी लागतंय. जपून वापरा."

त्यानंतर रोज सकाळी ते घाटावर जाऊन घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि "न्हाई!" म्हणून थुंकायचे. पाणी काळंच होतं, त्यामुळं सांगायला जीभ लागत नव्हती.

पाऊस लांबला होता, नदी तशीच, आणि बेंदूर आला.

बेंदूर म्हणजे बैलांचा सण. आमच्या भागात माणसांची दिवाळी जाईल, पण बैलाचा बेंदूर चुकणार नाही. सकाळी बैल नदीत धुवायचे, शिंगं हिंगुळानं रंगवायची, अंगावर नक्षी काढायची, झूल घालायची, गोंडे बांधायचे, पुरणपोळी चारायची आणि वाजतगाजत मिरवायचे. आता पाणी कसलं आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कुणीतरी म्हणालंही, "यंदा इहिरीवर धुवू." पण जुनी माणसं भडकली. "बेंदराचा बैल नदीतच धुवायचा असतोय. इहिरीवर धुतला तर नदी काय म्हंल?" म्हणजे बघा, त्याच नदीत मळी सोडली तेव्हा नदी काय म्हणेल हे कुणी विचारलं नव्हतं!

गेले सगळे बैल घेऊन. पांढरीशुभ्र खिलारं पाण्यात घातली आणि बाहेर काढली तर पोटापर्यंत काळी, चिकट, तेलकट. पेंढ्यानं घासली, माती लावून घासली. डाग निघेना. घरी नेऊन रंग लावायला गेले तर त्या तेलावर रंग धरेना, ओघळून खाली. वर बैलांच्या अंगाला खाज सुटलेली. घरोघरी बापे डोक्याला हात लावून बसले. संचालकाची म्हातारी आई आपल्या नावाजलेल्या जोडीपुढं उभी राहून पोराला शिव्या घालत होती, "आरं, माझा बैल बेंदराला असा? जळ्ळी तुमची साखर!"

पोरं आजारी पडली तेव्हा गाव हललं नव्हतं. बैलाचा रंग उतरला आणि गाव पेटलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. माणूस कुठल्या जागी दुखावेल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

हवालदार ही संधी सोडतील? खाकी चड्डी, छातीला पदकं लावून ते वेशीत उभे राहिले. "झूल काढा! गोंडं काढा! जसा नदीतनं निघालाय तसाच बैल न्यायाचा. कुठं? कारखान्यावर! वरच्या कोरड्या अंगावर एकेक मासळी काढा, जिला जशी जमंल तशी."

बेंदराला बैल कोरा बाहेर काढायचा म्हणजे लग्नात नवरदेव उघडा नेण्यासारखं. तरी काढले. बायांनी काव घेतली आणि बैलाच्या पाठीवर मासे काढले, पोट वर केलेले. नथवाली मासळी पुन्हा निघाली. माझी ढबू मिरचीही निघाली. सगळ्यांत पुढं संचालकाच्या आईनं स्वतःच कासरा धरला. हवालदारांनी दोन-दोनची रांग लावली, पण बैलांनी कवायत कुठं शिकलेली? एक भला मोठा खिलार वाटेत मधोमध बसला आणि उठेचना. सगळी पलटण त्याच्यासाठी थांबली. हवालदार त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "ऊठ रं, जवाना. विसावा नंतर."

कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरीही निवृत्त फौजी. हवालदारांची पदकं बघून त्यानं खाडकन सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. कचेरीची भिंत नुकतीच चुन्यानं पांढरी केलेली. खाजेनं हैराण झालेल्या बैलांना आयती भिंत मिळाली. लागले अंग घासायला! या टोकापासून त्या टोकापर्यंत बैलाच्या पोटाएवढ्या उंचीवर एक काळी रेघ उमटली.

चेअरमन बाहेर आले. हवालदारांनी भिंतीकडं बोट केलं. "साहेब, रोज आमी नदीची हजेरी घेतो. आज तुमची घेतली."

चेअरमनही शेतकऱ्याच्याच पोटचे. त्यांनी भिंत बघितली नाही, बैल बघितले. पुढं येऊन एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बेंदराला बैल असा आणलात?" हाताला लागलेली काव बघितली, मग म्हणाले, "माळावर खड्डे काढतो. मळीचं पाणी नदीत येणार नाही."

गाव नाचत परत आलं. हवालदार मात्र नाचले नाहीत. मला म्हणाले, "खरी परीक्षा दिवाळीनंतर, कारखाना पेटून उसाचं गाळप सुरू झाल्यावर. शब्द पाळला का मोडला, हे तवा कळंल. चोरून थोडं थोडं सोडलं तर डोळ्याला दिसायचं न्हाई. ते जिभंलाच कळतंय." आणि स्वतःच्या तोंडाकडं बोट करून म्हणाले, "हितली चौकी तर उठली. आता तुमी शिकायचं."

त्या पावसाळ्यात माझी शिकवणी सुरू झाली. मी पोरांना पाढे शिकवून घरी यायचे आणि हवालदार मला पाणी शिकवायचे. विहिरीचं, ओढ्याचं, नदीचं. उन्हाळ्यात बाटलीत भरून ठेवलेल्या मळीच्या पाण्याचा एक थेंब, अर्धा थेंब टाकून. "गिळू नका. आधी जिभंच्या शेंड्यावर. मग मागं टाळूला. तीन आकडे मोजा." मी चुकले की कपाळावर हात मारायचे. "एवढी शिकलेली बाई, आन पाणी वळखता येईना!"

कारखाना पेटला. आठव्या दिवशी सकाळी सगळं गाव घाटावर. संचालकही आला. आमचं ठरलं होतं. बाईस्नी शाळेची घाई, त्या आधी भरतील, असं हवालदारांनी घाटावर सांगून ठेवलं होतं. मी घागर घेऊन पहिल्या पायरीला बसायचं आणि ओंजळभर पाणी प्यायचं. पाणी गोड असेल तर घागर भरून काखेला लावायची. वाईट असेल तर ओतून द्यायची. हवालदार माझ्याकडं बघतील आणि मग आपला घोट घेतील.

ओंजळ तोंडाला लावली आणि भीतीनं माझं तोंडच कोरडं पडलं. काही म्हणजे काही लागेना. माझ्या हातून चूक झाली तर? वाईटाला गोड म्हटलं तर गावाची पोरं पुन्हा पोट धरून बसणार. गोडाला वाईट म्हटलं तर म्हाताऱ्याचा शब्द कायमचा जाणार. दुसरी ओंजळ घेतली. जिभेचा शेंडा. टाळू. एक, दोन, तीन. थंड. थोडं शेवाळाचं. थोडं मातीचं. आणि सगळ्यांच्या मागून, सावकाश, गोड.

मी घागर भरली आणि काखेला लावली.

हवालदारांनी मग बुडवला, घोट घेतला, डोळे मिटले. आणि मग त्यांनी सगळ्या फौजी ताकदीनिशी आरोळी ठोकली, "गोऽऽड!"

त्यानंतरची सात वर्षं मी त्या गावात होते. सात वर्षं रोज पहिली घागर मी भरली. दोनदा ओतून दिली, आणि दोन्ही वेळा गाव कारखान्यावर गेलं आणि गळती बंद करून आलं. हवालदारांची जीभ परत आली नाही. गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. काकूंनी सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे, कारण त्या दोघांनाही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

पण त्या सकाळचं राहिलंच. सगळे गेल्यावर घाटाच्या पायऱ्या चढताना हवालदार थांबले आणि हळूच म्हणाले, "माण, खरं सांगा. खरंच गोड हाय न्हवं?"

मी म्हणाले, "आबा, पहिल्या दिवशीचे ते दोन पेले परत मांडा."

घरी आल्यावर त्यांनी ओट्यावर दोन पेले मांडले. मी दोन्हींतला एकेक घोट घेतला आणि डावीकडचा पेला त्यांच्यापुढं सरकवला. "हे नदीचं."

हवालदारांनी तो पेला उचलला. त्यांना त्यातलं काही लागणार नव्हतं. तरी ते सगळं पाणी प्यायले, बनियनला तोंड पुसलं, आणि आत तोंड करून ओरडले, "आगं, ऐकलंस का? बाई पास झाल्या!"

काकू पीठभरल्या हातांनी बाहेर आल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मॅट्रिक झाले तेव्हा माझ्या गालाला असं पीठ लावणारं घरात कुणी नव्हतं. मी ते दुपारपर्यंत पुसलं नाही. तशीच शाळेत गेले.